गरीब घरचा आहे का तो?

१० ऑक्टोबर २०२०, शनिवार. आयपीएल यूएईत रंगात आलेलं, आमचा अख्खा क्रीडा डेस्क घरून काम करत होता आणि त्या दिवशी सामने दोन होते. म्हणजे पान आदल्या दिवशीच भरल्यात जमा. तरी मी पहाटे उठून लॅपटॉपसमोर बसले, कारण ऑर्लँडोत एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या फायनलचा पाचवा सामना होता. चार सामने जिंकेल तो विजेता; लेकर्स ३-१ ने पुढे होते, हा जिंकला की कारभार आटोपला. पण मियामी हीटने १११-१०८ असा तो खेचून घेतला. एजन्सीच्या कॉपीत लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सचे ४० आणि हीटच्या जिमी बटलरचे ३५ गुण ठळकपणे आले होते, आणि ते यायलाच हवेत. माझी नजर मात्र हीटच्याच डंकन रॉबिन्सनवर होती. २६ गुण, त्यात सात थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले तीन-तीन गुणांचे बास्केट.

मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, याच्यावर एक चौकट करते."

"कोण हा?"

"कॉलेजचा शूटर. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, कुणीच घेतला नव्हता."

"गरीब घरचा आहे का?"

"नाही हो. एक्सिटरसारख्या नावाजलेल्या बोर्डिंग शाळेत शिकलाय."

"मग स्टोरी काय?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचाच. खेळाडूच्या घराचं छप्पर गळत नसेल तर मथळा सुचत नाही.

स्टोरी अशी होती. विल्यम्स हे मॅसॅच्युसेट्समधलं छोटं कॉलेज, डिव्हिजन तीन या कॉलेज स्पर्धांच्या खालच्या गटातलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. पहिल्याच वर्षी, २०१४ मध्ये, संघ डिव्हिजनच्या फायनलला गेला आणि दोन गुणांनी हरला. मग हा मिशिगन विद्यापीठात गेला. कॉलेज बदलल्यावरच्या नियमामुळे एक मोसम बाहेर बसला, पुढे बऱ्याचदा राखीव खेळाडू म्हणून उतरला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ६० नावं पुकारली गेली, त्यात हा नव्हता. हीटने समर लीग या नवोदितांच्या उन्हाळी स्पर्धेत खेळवलं आणि टू-वे करार दिला. म्हणजे नाव मियामीचं, पण बराचसा मुक्काम धाकट्या लीगमध्ये, साउथ डकोटातल्या सू फॉल्सला.

त्यात रेषेचाही प्रश्न होता. तेव्हा कॉलेजमध्ये थ्रीची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएत ती समोरून २३ फूट ९ इंचांवर. नुसता नेम असलेली कितीतरी पोरं या तीन फुटांत संपतात. शिवाय समोरचा उंच असतो, चपळ असतो आणि तुम्हाला एवढंच येतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्या सकाळी मी काही बास्केट पुन्हापुन्हा लावून पाहिले. हा चेंडूशिवाय पळत असतो. कोपऱ्यातून निघतो, संघातल्याच बॅम अडेबायोकडे धावतो. अडेबायो चेंडू हातात धरून भिंतीसारखा उभा असतो. रॉबिन्सन त्याच्या अंगाला घासून जाता जाता चेंडू घेतो, मागचा बचावपटू अडेबायोवर अडकतो, तोवर याचे पाय रिंगकडे वळलेले असतात आणि चेंडू सुटलेलाही असतो. ड्रिबल बहुधा नाहीच. नेमबाजाची अर्धी कला मोकळं होण्यात आहे, आणि टीव्हीचा कॅमेरा त्या वेळी भलतीकडे असतो. त्या मोसमात त्याचे २७० थ्री रिंगमधून गेले, जवळपास ४५ टक्के अचूकतेने.

हे सगळं ऐसपैस लिहिलं. संध्याकाळी कोलकात्याने पंजाबला दोन धावांनी हरवलं आणि माझी चौकट निम्मी झाली. मग कोहलीने चेन्नईविरुद्ध नाबाद ९० केल्या. उरलेल्या मजकुरातलं काय ठेवायचं, एवढंच सरांनी विचारलं. मी ड्राफ्टची गोष्ट वगळली, सू फॉल्स वगळलं, अडेबायोच्या हातून चेंडू घेण्याचा तो हँडऑफ ठेवला.

"हे कुणाला कळणार?"

"कॉलेजात खेळणाऱ्या पोरांना कळेल, सर."

पान रात्री उशिरा सुटलं. दोनच दिवसांनी लेकर्सनी सहावा सामना जिंकून विजेतेपद नेलं आणि बास्केटबॉल आमच्या पानावरून गायब झाला.

पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये रॉबिन्सनने हीटशी पाच वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा करार केला. या वेळी सरांचा फोन आपणहून आला. "अगं, तो तुझा थ्रीवाला... रुपयांत किती होतात बघ, दोन कॉलम घेऊ."