क्राकाताऊला जाताय? अनाकचं पॅकेज घेऊ नका, राकातावर उतरा

क्राकाताऊ म्हणजे इंडोनेशियात जावा आणि सुमात्राच्या मधली ज्वालामुखी बेटं. जावाच्या कारिता किनाऱ्यावर बोटवाले छातीठोकपणे सांगतात की अनाक क्राकाताऊवर, म्हणजे त्यातल्या जिवंत ज्वालामुखीवर उतरवतो, वर चढवतो, सगळं पॅकेजमध्ये. साफ खोटं. आम्ही गेलो तेव्हा अलर्ट लेव्हल दोन होती, म्हणजे विवराच्या दोन किलोमीटरच्या आत जायला बंदी, आणि हे त्यांना सकाळी पैसे घेतानाच माहीत होतं. लांबून धूर दाखवला, फोटो काढा म्हणाले, आणि मग भर समुद्रात इंजिन बंद करून डिझेलचे म्हणून ठरल्याच्या वर अर्धे पैसे अजून मागितले. बंदी मात्र अगदी योग्य आहे, 22 डिसेंबर 2018 ला याच डोंगराचा कडा समुद्रात कोसळून त्सुनामी आली आणि चारशेच्या वर माणसं गेली. निघायच्या आधी मॅग्मा इंडोनेशिया ॲपवर लेव्हल स्वतः बघा, रक्कम डिझेलसकट कागदावर लिहून घ्या, राखीव क्षेत्राचं परमिट डोळ्यांनी बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आम्ही भांडून राकातावर, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या उरलेल्या बेटावर उतरलो, आणि खरं सांगतो, सगळे पैसे तिथे वसूल झाले. ऑगस्ट 1883 च्या स्फोटानंतर हे बेट तापलेल्या राखेखाली गाडलं गेलं होतं, मे 1884 मध्ये जीवसृष्टी शोधायला गेलेल्यांना जाळं विणणारा एक छोटासा कोळी सापडला, बाकी काही नाही. आज 813 मीटरच्या शिखरापर्यंत जंगल आहे! जावा-सुमात्राची मुख्य भूमी साधारण चाळीस किलोमीटर लांब, मग हे आलं कुठून? किनाऱ्यावर मर्यादवेल आणि सुरू, अगदी आपल्या कोकणासारखं, ते बरचसं समुद्राने आणलेलं. नेचे वाऱ्याने आले. पण आत शिरलात की उंबराच्या जातीची झाडंच झाडं, वीसच्या वर जाती आहेत या बेटांवर, आणि ती सगळी पक्षी आणि वटवाघळांनी पोटातून आणलेली.

वाळूत आडव्या पडलेल्या एका सुरूच्या खोडावर जांभळट शीट दिसली, काडीने पसरून बघितली तर खसखशीएवढ्या पिवळट बिया, अख्ख्या. तिथेच पटलं सगळं. वटवाघूळ उडता उडता टाकतं, त्यामुळे उघड्या राखेवरही बी पडतं, पक्ष्याला मात्र बहुतेक वेळा बसायला फांदी लागते, म्हणून आधी सुरू उभा राहिला आणि मग त्याच्याखाली बुलबुल नि फळं खाणाऱ्या मोठ्या कबुतरांनी उंबर पेरले. सगळीच कबुतरं कामाची नाहीत बरं का, हिरवी कबुतरं, म्हणजे आपल्या हरियालाची भावकी, पोटातल्या पेषणीत बी दळून टाकतात. आणि बी रुजून झाड झालं तरी त्या-त्या जातीची उंबरमाशी, परागीभवन करणारी गांधीलमाशीची जेमतेम दोन मिलिमीटरची भावकी, समुद्र ओलांडून आल्याशिवाय त्या फळात बी धरत नाही. हे सगळं जुळून आलंय तिथे, म्हणून सांगतो, अनाकच्या धुरापेक्षा हे बघा.

परतीचा प्रवास भयंकर. दुपारनंतर सुंदा सामुद्रधुनीत वारा चढतो, एका इंजिनची लहान बोट प्रत्येक लाटेवर आपटते, पाठ आणि मान कामातून जाते, मला दुसऱ्या दिवशीही वाकता येत नव्हतं. दोन इंजिनं आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका. पहाटे निघा, बारापर्यंत परत फिरा. डिसेंबर ते फेब्रुवारी तर विचारही नको.

पुन्हा गेलो तर कारिताकडून जाणार नाही. जावातल्या मेराकहून फेरीने सुमात्रातलं बाकाउहेनी, तिथून कालियांदाजवळच्या कांती धक्क्यावरून सेबेसी बेट, रात्री तिथेच मुक्काम. तिथून समुद्रातलं अंतर कमी आणि भावही सरळ. दुर्बीण न्या, पिण्याचं पाणी जास्तीचं न्या, आणि राकातावर पिकल्या फळांचं एखादं उंबर सापडलं की बोटवाला कितीही घाई करो, तासभर त्याच्याखालून हलू नका.