चिनी अक्षरं हाताने लिहायला शिकताना: रेघांच्या क्रमाचा माझा अनुभव

नोकरीसाठी चीनमध्ये यिवूला आले तेव्हा बोलण्यापुरतं चायनीज येत होतं, भाव विचारणं, आकडे, माल कधी मिळेल वगैरे, आणि फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाईप केला की चिनी अक्षरं समोर येतात, त्यामुळे हाताने लिहायची गरजच पडत नव्हती. पण इथल्या होलसेल मार्केटात कितीतरी दुकानदार ऑर्डर अजूनही कार्बनच्या बिलबुकात पेनने भराभर लिहून देतात, आणि छापील अक्षरं वाचता येत असली तरी ती चिठ्ठी काही केल्या लागत नाही. फोनचं भाषांतराचं ॲपसुद्धा तिथे हात टेकतं. म्हणून मी संध्याकाळचा लिखाणाचा क्लास लावला.

आमच्या लाओशींनी, म्हणजे बाईंनी, सुरुवातीला अक्षर असं दिलंच नाही, नुसत्या रेघा गिरवायला लावल्या. आडवी ती हंग, उभी शू, डावीकडे खाली उतरणारी फ्ये, उजवीकडे उतरणारी ना, आणि टिंब म्हणजे दिएन. आडवी कायम डावीकडून उजवीकडे, उभी कायम वरून खाली. वही इथल्या शाळकरी मुलांची, चौकटी आखलेली, प्रत्येक चौकटीत मधोमध बारीक अधिकचं चिन्ह, म्हणजे अक्षराचा तोल कुठे जातोय ते लगेच दिसतं.

मला खरा उलगडा झाला तो ‘तोंड’ या अक्षरात. दिसायला साधा चौकोन, बाजू चार, पण रेघा तीनच! आधी डावी उभी, मग वरची आडवी जी कोपऱ्यावर पेन न उचलता वळून खाली येते ती एकच रेघ धरायची, आणि शेवटी तळ. ‘देश’ या अक्षराला बाहेरून मोठी चौकट असते, तिथे डावी बाजू, मग वरची-उजवी, मग आतलं सगळं लिहून घ्यायचं आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी. इथे मुलांना शिकवतात की आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. हे इतकं पक्कं बसतं डोक्यात की नवीन चौकटीचं अक्षर आलं तरी हात आपोआप थांबतो.

बाकी नियम पटकन येतात, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी उभी नंतर, फ्ये आधी ना नंतर. पण काही अक्षरं वेगळी पाठ करावी लागतात. ‘लहान’ मध्ये मधली उभी आधी आणि मग दोन्ही बाजू, तर ‘आग’ मध्ये बरोबर उलटं, बाजूची दोन टिंबं आधी आणि मधलं ‘माणूस’ हे अक्षर नंतर.

एकदा पुण्यातल्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर यावरून चांगलीच जुंपली, ती जॅपनीज शिकलीये. ‘शेत’ हे अक्षर म्हणजे चार तावदानांची खिडकी, त्यात मी आतली आडवी आधी काढली, ती म्हणाली उभी आधी. दोघी बरोबर होतो, चीनचा क्रम वेगळा, जपानचा वेगळा. चीनमध्ये तर याचं सरकारी मानकच आहे, 1 मार्च 2021 पासून लागू झालेलं, त्यात 8105 अक्षरांचा क्रम ठरवून दिलाय. म्हणून एकच पद्धत धरून शिका असं मी आग्रहाने सांगेन, दोन्हीकडचे व्हिडिओ मिसळून बघू नका.

आता चिठ्ठ्यांचं. भरभर लिहिताना पेन उचललं जात नाही, एका रेघेच्या शेवटातून दुसरी निघते, आपल्या मोडीत लेखणी न उचलता झरझर लिहायचे तसंच. त्यामुळे रेघा जोडल्या कुठे जाणार हे क्रमच ठरवतो. डिलिव्हरीच्या तारखेच्या आकड्यापुढे ‘हाओ’ म्हणजे ‘तारीख’ हे अक्षर लिहितात, वर छोटं तोंड, खाली आडवी रेघ, आणि तिच्याखाली मोडत जाणारा हूक. दुकानदाराच्या हातात त्या तोंडाचा चौकोन उरतच नाही, डावीकडे एक बारीक रेघ आणि तिला चिकटून इंग्रजी झेडसारखं काहीतरी, खाली इंग्रजी पाचासारखं वळण. आधी ते मला नुसतं गिचमिड वाटायचं. क्रम हातात बसल्यावर बोटाने तळहातावर गिरवलं तर ती गाठ सुटत गेली, इथे वळला, इथून तळाला आला, हे हाओच! त्या दिवशी मला इतका आनंद झाला की अख्खं बिलबुक मागून घेऊन वाचत बसले.

क्रम येत असेल तर फोनवर पाच बटणांचा कीबोर्डपण वापरता येतो, आडवी, उभी, फ्ये, टिंब आणि मोडलेली, म्हणजे मध्येच वळणारी, रेघ, ना टिंबाच्याच बटणात येते. हाओ साठी उभी, मोडलेली, आडवी, आडवी, मोडलेली. उच्चार माहीत नसलेलं अक्षर चिठ्ठीत आलं की मी हाच वापरते, आणि बहुतेक वेळा शेवटच्या रेघेपर्यंत जायच्या आधीच ते यादीत दिसतं.