अर्धे फिरवलेले झाकण

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेतीन वाजता घराला कुलूप लावून बाहेर पडताना रखवालदाराने मला विचारले, "पळायला चाललात?" मी "नाही, पाणी द्यायला," असे उत्तर दिले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो मला आजही नीट वर्णन करता येत नाही. पन्नाशी उलटलेली बाई भल्या पहाटे पळायला निघते हे त्याला पटण्यासारखे होते. परंतु पळणाऱ्यांना पाणी पाजण्यासाठी कोणी झोपमोड करून घेते, हे मात्र त्याला अजिबात पटले नसावे.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. पूर्ण अंतर धावणारे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी आणि सागरी सेतू असे करत वांद्र्याला पोहोचतात आणि माहीमवरून पुन्हा दक्षिणेकडे परततात. माझी नेमणूक पेडर रोडच्या चढावर होती. या रस्त्याला डॉ. गोपाळराव देशमुखांचे नाव देऊन कित्येक वर्षे झाली असली, तरी चढाला शिव्या घालायच्या असतात तेव्हा प्रत्येक धावपटूच्या तोंडी 'पेडर रोड' एवढेच येते. जाताना हा चढ फारसा जाणवत नाही, कारण तेव्हा अंधार असतो, हवेत थोडा गारवा असतो आणि पायांत जोर असतो. येताना मात्र पस्तीसेक किलोमीटर मागे पडलेले असतात, ऊन वर आलेले असते आणि हाजी अलीचे वळण संपते न संपते तोच रस्ता समोर उभा राहतो. त्यामुळे तीच माणसे आम्हाला दोनदा भेटतात, आणि दुसऱ्या भेटीत ती ओळखू येत नाहीत.

पाणी देणे हे शिकण्यासारखे काम आहे याची मला कल्पना नव्हती. आमच्या टेबलावरच्या प्रमुख ताईंनी पहिला नियम सांगितला, तो असा, की छोट्या बाटलीचे झाकण अर्धे फिरवून सैल करून ठेवायचे. पूर्ण काढले तर पाणी सांडते. घट्ट ठेवले तर घामाने निसरड्या झालेल्या बोटांना ते उघडत नाही. दुसरा नियम असा, की बाटली तळाशी धरायची, म्हणजे घेणाऱ्याला वरचा भाग मोकळा मिळतो, आणि हात लांब करून तो धावणाऱ्याच्या दिशेने किंचित सरकवत राहायचा. हे ऐकूनही पहिल्याच माणसाला मी पाहुण्याला तांब्या द्यावा तशी मुठीत गच्च धरून बाटली दिली. त्याने ओढली, मी सोडली नाही, आणि अर्धे पाणी माझ्या बुटात गेले. तो हसत पुढे निघून गेला. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, द्यायचंय ना? मग सोडा की."

दानधर्माचा प्रश्न या शर्यतीभोवती सतत घुटमळत असतो. अनेक धावपटू एखाद्या संस्थेसाठी धावतात. म्हणजे ते ओळखीपाळखीच्या लोकांना गाठून सांगतात, की मी बेचाळीस किलोमीटर धावणार आहे, तुम्ही अमुक शाळेला किंवा तमुक रुग्णालयाला पैसे द्या. माझ्या मोठ्या जाऊबाईंना ही रीत काही केल्या उमगली नाही. "कष्ट याचे, पैसे त्याचे आणि भलं तिसऱ्याचं?" असे त्यांनी विचारले, आणि मला वाटते याहून नेमके वर्णन कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आपल्याकडे नवस बोलणारा स्वतःच अनवाणी चालत जातो आणि स्वतःच नारळही फोडतो. इथे चालणारा एक आणि नारळ फोडणारा दुसरा. पण त्यात मला काही खोट दिसत नाही. ओळखीचा माणूस पाय मोडून घ्यायला निघाला म्हटल्यावर नकार देणे कठीण जाते, आणि संकोचापोटी दिलेल्या पैशानेही शाळेचे छप्पर शाकारता येते.

मुंबईला पाणी वाटण्याची परंपरा काही नवी नाही. मशीद बंदरच्या भात बाजारात 1876 साली बांधलेली केशवजी नाईकांची दगडी पाणपोई अजून उभी आहे, आणि या शहरातल्या धनिकांनी आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ अशा कितीतरी पाणपोया बांधल्या. गंमत म्हणजे 1896 साली अथेन्समध्ये ऑलिंपिकची पहिली मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुइस हा स्वतःच पाणी वाहून नेणारा माणूस होता. ही माहिती मी शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलाला मोठ्या उत्साहाने सांगितली. तो म्हणाला, "काकू, खोका उघडा, घोळका येतोय."

साडेआठनंतर खरी गर्दी उसळली. कोणी पोटऱ्या धरून दुभाजकावर बसले, कोणी बाटली डोक्यावर रिकामी केली, आणि बहुतेकांनी दोन घोट घेऊन भरल्या बाटल्या रस्त्यावर टाकल्या. ते पाहून माझा जीव तुटत होता. पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात ज्याचे बालपण गेले आहे, त्याला हे दृश्य सोसत नाही. आम्ही मोठ्या पिशव्या घेऊन त्या बाटल्या गोळा करत होतो. रहिवासी इमारतींमधून खाली येऊन संत्र्याच्या फोडी आणि चिक्की वाटत होते. "आता थोडंच राहिलं" असे मीही ओरडत होते. सुमारे सहा किलोमीटर म्हणजे थोडे नव्हे, हे ऐकणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

शेवटी टेबलाच्या घड्या घालायला सुरुवात झाली होती, तेव्हा सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ चालत आले. त्यांच्या छातीवरच्या क्रमांकाची एक पिन निघून तो वाऱ्यावर फडफडत होता. मी बाटली पुढे केली आणि ती वेळेवर सोडली. ते थांबले, सावकाश सगळे पाणी प्यायले, झाकण पूर्ण फिरवून घट्ट लावले आणि रिकामी बाटली माझ्या हातात परत दिली.