जागा किती ते सगळे मोजतात, रेघ कुठून जाणार?

रविवार, रात्र.

मतदारसंघ पुनर्रचनेवरून, म्हणजे लोकसंख्येप्रमाणे जागा आणि हद्दी नव्यानं ठरवण्यावरून, आज चंदगडच्या मामेभावाशी फोनवर जुंपली. त्याचं म्हणणं, जागा जातील म्हणून तुमचं कर्नाटक उगाच ओरडतंय. मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २०११ च्या जनगणनेनुसार बिहारमध्ये एका खासदारामागे २६ लाख माणसं, महाराष्ट्रात साधारण २३ लाख, आमच्याकडे २२ लाखांच्या आत आणि केरळात १७ लाखही नाहीत. लोकसभेच्या ५४३ जागा याच आकड्यांवर वाटल्या तर केरळच्या २० च्या १५ होतात, उत्तर प्रदेशच्या ८० च्या नव्वदीला टेकतात. कर्नाटकच्या २८ पैकी फार तर एखादी जाते. पण हे २०११ चं झालं. राज्यांच्या जागा १९७६ साली गोठवल्या त्या १९७१ च्या लोकसंख्येवर, आणि ती गाठ सुटणार २०२६ नंतरच्या जनगणनेवर. दक्षिणेची धास्ती त्या नव्या आकड्यांची आहे. कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्याच जागा कमी करायच्या, हे मलाही पटत नाही. भावाला पटतं. असो.

माझी काळजी वेगळीच आहे. २००८ च्या पुनर्रचनेत राज्याच्या जागा तेवढ्याच राहिल्या, विधानसभेच्या २२४ आणि लोकसभेच्या २८. तरी बेळगाव जिल्ह्यातला आमचा उचगाव मतदारसंघ नकाशावरून गेलाच की! बागेवाडीही गेला, बेळगाव ग्रामीण आला. काकती गाव बेळगाव शहराला खेटून, पण मत यमकनमर्डीत, म्हणजे खासदार चिकोडीचा. निपाणीही चिकोडीतच. खानापूरकरांचा खासदार तर उत्तर कन्नडचा. त्यांची मतं कारवार-शिरसीच्या मतांबरोबर मोजली जातात. एका जिल्ह्यातला मराठी माणूस तीन खासदारांत वाटलेला. खेडं हा घटक धरून राज्यांची सीमा ठरवा, म्हणत इतकी वर्षं सीमाप्रश्न लढवला, आणि जिल्ह्याच्या आतली रेघ फिरली तेव्हा किती जणांनी गावांची यादी उघडून पाहिली?

सगळं खापर रेघेवर फोडणंही खरं नव्हे. नव्याच रेघांवर २०१३ ला खानापूर आणि बेळगाव दक्षिण महाराष्ट्र एकीकरण समितीनं जिंकले होते. २०१८ ला खानापुरात समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर. त्याला कुठला पुनर्रचना आयोग काय करणार?

आता पुन्हा आयोग बसला की मसुदा निघेल, हरकती मागवतील, सुनावण्या होतील. तिथं भाषणं चालत नाहीत, गावनिहाय लोकसंख्या आणि सलग हद्द दाखवावी लागते. निदान काकती भाग बेळगावला जोडा, एवढी तरी लेखी मागणी जायला हवी. समितीतल्या एका काकांना हे म्हटलं तर म्हणाले, "आधी सुप्रीम कोर्टाचा निकाल लागू दे रे." सीमाप्रश्नाचा तो दावा २००४ चा आहे. उद्या तलाठ्याकडं जाऊन गावांची यादी मिळते का बघतो.