तुम्ही विचारलंत म्हणून: खाली आहे की नाही?

"माती तपासून एवढं कळतं, तर खाली खनिज किंवा वायू आहे की नाही ते सरळ का सांगत नाही?" हे मला, म्हणजे माती-गाळ तपासून खनिज शोधणाऱ्याला, इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

सरळ सांगत नाही, कारण खालचं मला दिसतच नाही. दिसतं ते वर आलेलं, वाहत आलेलं, कशाला तरी चिकटून राहिलेलं. सोनं शोधताना आम्ही बरेचदा त्याच्या सोबतीनं येणारे आर्सेनिक, अँटिमनी बघतो. सोनं स्वतः गाळात इतकं विरळ असतं की एकाच जागचे दोन नमुने दोन आकडे देतात. जमिनीखालच्या वायूचंही तेच. मातीत मिथेन मिळाला म्हणून नाचू नये, दलदलीतले सूक्ष्मजीवही तो तयार करतात. सोबत खोलातल्या वायूबरोबर येणारे इथेन, प्रोपेन आहेत का, मिथेनमधल्या कार्बनची समस्थानिकं (त्याचेच कमी-जास्त वजनाचे अणू) काय सांगतात, हे बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. लोक याला टाळाटाळ म्हणतात. म्हणोत.

एका कामात आम्ही ओढ्यांचा गाळ ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) बारीक चाळणीतून काढून प्रयोगशाळेत पाठवला. आकडे आले आणि नकाशावर जस्ताचा लांबलचक लाल पट्टा उमटला. कोबाल्टही तिथंच चढलेला. माझी नजर अडकली मँगेनीजच्या रकान्यावर, कारण तोही तिथंच चढला होता. परत जाऊन ओढ्यातले गोटे उचलून बघितले. वर काळपट, बोटाला डाग पाडणारा थर. मँगेनीजचं ऑक्साइड. पाण्यातलं जस्त, कोबाल्ट ते धरून ठेवतं, साठवत जातं. खाली खनिज नसलं तरी आकडा फुगतो. अहवालात हे लिहिलं, मँगेनीजमुळे चढलेला भाग वजा करून दुसरा नकाशा जोडला. त्यात पट्टा जवळजवळ पुसला गेला होता. बैठकीत भिंतीवर लागला तो पहिलाच.

ड्रिलिंग झालं. कोअरच्या, म्हणजे भोकातून काढलेल्या खडकाच्या कांड्यांच्या, पेट्या ओळीनं मांडल्या: करडा शेल (चिखलाचा दगड), पुन्हा करडा शेल, मधेच कॅल्साइटची पांढरी शीर. स्फॅलेराइटचा, जस्ताच्या मुख्य खनिजाचा, कणही नाही. साहेब म्हणाले, "तुमची केमिस्ट्री तर हो म्हणत होती ना?" मी पान क्रमांक सांगितला. कुणी उघडलं नाही. पुढच्या हंगामात कात्री लागली ती नमुन्यांच्या खर्चाला, ड्रिलिंगच्या नव्हे. हे अजून डाचतं.

खरं सांगतो, त्या रिकाम्या पेट्या बघून मला जरा बरंही वाटलं होतं. वाटायला नको होतं.

नोकरीला लागलो तेव्हाचा मी म्हणायचा, आपण आकडे द्यावेत, अर्थ ज्याचा त्यानं लावावा. त्याच्याशी माझं भांडण आहे: नुसता आकडा दिला की सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस तो उचलून नेतो. तो उलट विचारतो, "मग अर्थ सांगून काय वेगळं झालं?" यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

आणि दुसऱ्या नकाशातही पट्ट्याच्या वरच्या टोकाला, ओढ्याच्या उगमाकडे, दोन-तीन नमुने चढलेलेच राहिले होते. तिथं मँगेनीज कमी, तरी जस्त जास्त. भोक तिथं पाडलंच नाही. तिथं खाली आहे का, असं विचाराल तर आधी उतारावरची माती घेऊ द्या, वरची नव्हे, बी थरातली, म्हणजे वरच्या मातीखालच्या थरातली.