पट्टीवर रागाचं नाव

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. संध्याकाळी मी काम करतो तेव्हा लॅपटॉपवर स्पॉटिफाय चालू असतं, बहुतेक ख्यालच. आई मागे दिवाणावर बसून ऐकते आणि मध्येच विचारते, “अरे, कोण गातंय?” दर वेळी काम सोडून स्पॉटिफायची खिडकी शोधायची, म्हणून नाव स्क्रीनच्या वरच्या पट्टीवरच आणायचं ठरवलं.

लिनक्सवर यासाठी रस्ता तयार आहे. बहुतेक प्लेअर चालू गाण्याची माहिती एमप्रिस नावाच्या ठरलेल्या पद्धतीने डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या मार्गावर, ठेवतात. ‘प्लेअरसीटीएल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम ती वाचून देतो. टर्मिनलमध्ये नाव पाच मिनिटांत दिसलं.

पट्टीवर मात्र देवनागरीची मोडतोड झाली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे, जोडाक्षरं सुटी. दोन रात्री मी फॉन्ट बदलत बसलो, पण फॉन्टचा दोष नव्हता. ती पट्टी एकेक अक्षर सुटं मांडत होती, जुळवणी करतच नव्हती. शेवटी खिडक्या मांडणारा स्वे आणि त्याच्यासोबत वेबार ही दुसरी पट्टी घेतली. वेबार मजकूर मांडायला पँगो ही लायब्ररी वापरतं, आणि पँगो जुळवणी करतं. ‘विलंबित’ नीट उमटलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

प्लेअरसीटीएलला ‘फॉलो’ लावलं, म्हणजे दर पाच सेकंदांनी विचारायला नको, गाणं बदललं की तोच कळवतो.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “शुद्ध मध्यमावर असा ठेहराव आणि तुझी पट्टी यमन दाखवतेय? हा केदार आहे.” खरंच केदार होता! जुगलबंदीचं रेकॉर्डिंग, दोन कलाकारांच्या नावांमध्ये ‘अँड’चं चिन्ह (&). पँगोच्या मार्कअपमध्ये, म्हणजे मजकूर सजवायच्या खुणांमध्ये, त्या चिन्हाला वेगळा अर्थ असल्याने नवं नाव नाकारलं गेलं आणि आधीचं तसंच राहिलं. चूक लॉगमध्ये लिहिलेली होती, मी तो उघडलाच नव्हता. वेबारच्या त्या भागात ‘एस्केप’ चालू केलं, म्हणजे असं चिन्ह साधं अक्षर धरलं जातं, आणि प्रश्न सुटला. आईचा कान नसता तर कितीतरी दिवस मी चुकीची नावं वाचत राहिलो असतो.

ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ उघडला की पट्टी गोंधळायची. आज्ञेत फक्त स्पॉटिफायचं नाव दिलं.

शेवटचा बदल आईच्या सांगण्यावरून. आधी कलाकार, मग शीर्षक असा क्रम मी ठेवला होता, आणि 60 अक्षरांपुढचं पट्टी कापते. “आवाजावरून गाणारा मी ओळखीन, राग कापू नकोस,” ती म्हणाली. आता शीर्षक आधी येतं.