एक वीत आणि चार बोटे

धाकटी बहीण नोकरीनिमित्त मनिलाला गेली, त्याला आता तीन वर्षे झाली. यंदा जानेवारीत अण्णांना घेऊन मी पंधरा दिवस तिच्याकडे राहून आले. अण्णांचे वय बहात्तर आणि हा त्यांचा पहिलाच परदेश प्रवास. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस मनिलाचे मॉल पाहून दोन दिवसांत कंटाळला, तेव्हा बहिणीने बातांगास प्रांतातील ताआल या जुन्या गावाच्या एका दिवसाच्या वारसा-सहलीत आमची नावे नोंदवली. माहितीपत्रकात चर्च आणि जुनी घरे एवढेच दिसत होते. अण्णा दुपारपर्यंत 'आता परत कधी?' असे विचारू लागणार, याची मी मनाशी तयारीच ठेवली होती.

पहाटे सहाला व्हॅन आली. आम्ही दोघे धरून नऊ जण होतो. वाटाड्या पंचविशीचा, ताआलचाच मुलगा. त्याने अण्णांना पाहताच किंचित वाकून त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि त्या हाताची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवली. वडीलधाऱ्यांना वंदन करण्याची तिथली ही रीत आहे, तिला 'मानो' म्हणतात. मानो म्हणजे स्पॅनिश भाषेत हात. पाया पडणाऱ्यांची सवय असलेल्या अण्णांना आपला हात कुठे निघाला आहे हे क्षणभर कळेना, पण तोंडातून आपसूक 'सुखी राहा बाबा' निघून गेले. त्याला ते शब्द कळले नसावेत, आशीर्वाद मात्र कळला असावा, कारण दिवसभर तो अण्णांच्या आसपासच राहिला.

मनिलाच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर जायचे होते. वाटेत तागायताय येथील कड्यावर गाडी थांबली. खाली मोठे तळे, तळ्याच्या मधोमध बेट आणि त्या बेटावर ताआलचा ज्वालामुखी. सन १७५४ मध्ये हा ज्वालामुखी मे महिन्यात जागा झाला तो डिसेंबरपर्यंत शांत झाला नाही. तळ्याकाठचे मूळ ताआल गाव त्यात गेले, लोक आजच्या जागी येऊन वसले आणि प्रांताची राजधानीही ताआलहून बातांगासला हलली. तळ्याला समुद्राशी जोडणारा मार्ग त्या उद्रेकाने अरुंद झाला आणि खारे पाणी पुढे गोडे होत गेले. अलीकडचा मोठा उद्रेक १२ जानेवारी २०२० चा.

इतर मंडळी छायाचित्रे काढत असताना अण्णांनी मला भाषांतर करायला लावले. त्यांचा प्रश्न एकच होता : छपरावरची राख काढली कशी? मुलाने सांगितले, की कोरडी आहे तोवर झाडून काढायची, कारण एकदा पाऊस पडला की ती चिखलासारखी जड होते आणि छप्पर खाली बसते. अण्णा मग २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराबद्दल बोलू लागले. पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर एका ओळखीच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या गिअरबॉक्समधून निघालेला गाळ वाळण्याआधी धुतला नसता, तर छिन्नीने फोडावा लागला असता, हे त्यांनी हातवारे करून समजावले. राख ओली व्हायच्या आत आणि गाळ वाळायच्या आत, असा तो दोघांचा हिशोब जुळला. माझ्या इंग्रजीची गरज तिथून पुढे कमीच पडली.

ताआलचे सेंट मार्टिनचे बॅसिलिका चर्च आशियातील सर्वांत मोठ्या कॅथलिक चर्चांपैकी एक मानले जाते. आधीचे चर्च १८४९ च्या भूकंपात पडल्यावर १८५६ मध्ये आजच्या वास्तूचे काम सुरू झाले. ती भव्य आहे, पण भव्यतेपुढे मला सुचत काही नाही, आणि अण्णाही पाच मिनिटांत बाहेर येऊन पायरीवर बसले.

खरा वेळ गेला तो जुन्या घरांत. मार्सेला आगोन्सिलो यांचे घर तिथे जपलेले आहे. फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रध्वज त्यांनी १८९८ मध्ये हाँगकाँगला असताना, मुलगी लोरेन्सा आणि डेल्फिना एर्बोसा यांच्या मदतीने शिवला. त्याच वर्षी १२ जूनला कावित येथे स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हा तो फडकला. काही शिवण हाताची आणि काही यंत्राची होती, हे कळल्यावर अण्णांनी मान डोलावली. यंत्राचा उल्लेख असला की त्यांना इतिहास विश्वासार्ह वाटतो.

अशा घरांना तिथे 'बाहाय ना बातो' म्हणतात. शब्दशः अर्थ दगडाचे घर, पण दगड फक्त खालच्या मजल्याला असतो आणि वरचा मजला लाकडी. मला वाटले होते, की खालच्या भिंती वरचे ओझे पेलतात. अण्णांनी एका खांबावर बोटांनी टकटक केले, वर आढ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ''भिंत नुसती पांघरलीय गं. वजन सगळं खांबावर हाय.'' मुलाने तेच सांगितले. जमीन हलली तर लाकडी सांगाडा आपल्या परीने डोलतो आणि दगडी भिंत वेगळी राहते, असे हे भूकंपाच्या प्रदेशातले बांधकाम. आमच्या आजोळच्या वाड्यातही पांढऱ्या मातीच्या भिंतींच्या आत सागवानी खांब होते आणि आम्ही पोरे त्यांना धरून गोल फिरायचो, पण ते तिथे कशासाठी उभे होते हे मी ताआलला गेल्यावर शिकले.

खिडक्यांना काच नव्हती. कापिझ नावाच्या शिंपल्याचे पातळ, चपटे कवच चौकोनी कापून लाकडी जाळीत बसवले होते. उन्हाची तिरीप त्यातून आली, की ताकाच्या निवळीसारखा उजेड पडतो. तावदाने सरकवायच्या खोबणीत अण्णांनी नख फिरवले आणि मेण लावलेय का ते पाहिले. रखवालदार बाईंनी हे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत.

जेवायला तुलिंगान नावाचा मासा होता. तो दाबून चपटा करतात, मीठ लावतात आणि वाळवलेल्या आंबट कामियासबरोबर मातीच्या भांड्यात मंद आचेवर कितीतरी वेळ शिजवतात. कामियास म्हणजे आपल्याकडे कोकणात मिळणारे बिलिंबी. चव आमसुलाच्या वळणाची होती. अण्णांनी पांढऱ्या रश्श्याची चौकशी केली नाही, यावरून काय ते समजावे. वर त्या भागातली बाराको कॉफी प्यायले आणि 'कडक' एवढा एकच शेरा दिला.

बाजारात पानुत्सा विकायला होती : शेंगदाणे घातलेली, तळहाताएवढी गोल, गुळाची चकती. ती पाहताच अण्णांच्या चेहऱ्यावर कोल्हापूर उमटले. त्यांचे बालपण गुऱ्हाळावर गेलेले. काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी वळते का हे पाहणारा गुळव्या हा त्यांच्या लेखी आजही कोणत्याही इंजिनिअरहून मोठा. विकणाऱ्या आजी ऐंशीच्या तरी असाव्यात. अण्णांनी तुकडा तोडून उन्हाकडे धरला, मोडलेली कड पाहिली, मग खाल्ला. पाक बरोबर उतरवला होता. हे सांगायला भाषा नव्हती, तेव्हा त्यांनी सकाळी पाहिले होते ते केले. आजींचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. आजी खळखळून हसल्या आणि त्यांनी दोन चकत्या वर टाकल्या. मी मात्र उगाचच पिशवीत पैसे शोधत राहिले.

शेवटचा थांबा बालिसोंग. ही ताआलमधलीच एक वस्ती आहे आणि तिचेच नाव तिथल्या चाकूला आहे. या चाकूच्या मुठीचे दोन भाग दोन पिनांवर फिरतात आणि बंद केला की पाते दोघांच्या पोटात जाते. जुन्या गाड्यांच्या कमानपाट्यांसारख्या भंगार पोलादापासून पाती घडवण्याची तिथे परंपरा आहे. कारागिराने चाकू उघडून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी टोकापासून वीत ठेवली, उरलेल्या भागावर चार बोटे ठेवली आणि म्हणाले, ''एकोणतीस सेंटिमीटर.'' मी भाषांतर केले, तर दुकानात हशा पिकला. बातांगासच्या या चाकूचे बोलीतले नावच मुळी 'बेंते नुएवे', म्हणजे एकोणतीस. उघडल्यावरच्या लांबीवरून पडलेले. अण्णांना काही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या हाताचे माप चाळीस वर्षांत पक्के झालेले आहे, इतकेच.

त्यानंतर आम्ही नऊ जणांच्या गाडीला पाऊण तास उशीर केला. दोघे कारागीर पिनेच्या भोकात बोटाच्या नखाने खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, तपासत बसले होते. पिन घट्ट ठोकली तर मूठ फिरत नाही आणि सैल ठेवली तर पाते डुलते. हे 'बरोबर' कुठे आहे ते तिथला कारागीर हातोडीच्या आवाजावरून ओळखतो. व्हॅनमधल्या एका बाईंनी दोनदा घड्याळ दाखवले. मी दोनदा माफी मागितली. अण्णांना चाकू विकत घ्यायचा होता. मी विमानतळाचे नाव काढून तो बेत मोडला. मग त्यांनी खिशातली डायरी काढून पिनांमधले अंतर, मुठीची जाडी आणि पात्याचा बाक मापासह काढून घेतला.

कोल्हापुरात परतल्यापासून ते रोज सकाळी जुन्या भागीदाराकडे उद्यमनगरात जातात. पात्याऐवजी पोलादी फूटपट्टीचा तुकडा आणि मुठीला पितळी पट्ट्या अशी जोडणी चालली आहे. काल चौथी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर उघडझाप करून दाखवली. मला ती छान वाटली. अण्णांनी कानाजवळ नेऊन हलवली आणि म्हणाले, ''अजून वाजतीय. खेळ ऱ्हायलाय.''